काळजी वाटते म्हणजे मेंढपाळावर भरवसा नाही का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ कळेल. तुमच्या यजमानांची नोकरी गेली आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मुलाच्या फीची तारीख जवळ आली आहे. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र २३ म्हणताना तुमचे डोळे भरून येतात, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तीनला छातीत धडधडून जाग येते. ओळखीतल्या एका भगिनीने तुम्हाला सांगितलं की काळजी करणं म्हणजे देवावर अविश्वास, म्हणजे पापच. तुम्ही विचारलंय, माझा विश्वास खोटा आहे का? आणि मेंढपाळावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज उठून नक्की करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. नाही, तुमचा विश्वास खोटा नाही. ज्याला देव मानतच नाही त्याच्यापुढे माणूस पहाटे तीनला रडत नाही. भीती आणि भरवसा एकाच छातीत राहू शकतात, आणि पवित्र शास्त्रात ते तसे राहिलेले जागोजागी दिसतात. स्तोत्र ५६ च्या मथळ्यात म्हटलंय की दावीद गथमध्ये पलिष्ट्यांच्या हाती सापडला होता. तिथे तो म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती ओसरल्यावर ठेवीन असं त्याने म्हटलेलं नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूपुढे रडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर प्रभूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू इतका व्याकूळ झाला की लूक लिहितो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्या रात्री त्याचा पित्यावरचा भरवसा कमी पडला असं म्हणायची आपली छाती आहे का?

त्या भगिनीच्या मनात बहुधा फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन असावं, की कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. वचन खरंच आहे. पण ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात होता, आणि तोच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता मला रोज व्यापून असते. म्हणजे ज्याने 'चिंता करू नका' लिहिलं त्यालाही रोज काळजी वाटत होती. ती काळजी तो घेऊन कुठे जायचा, हे त्याच वचनाच्या पुढच्या भागात आहे : प्रार्थना, विनंती आणि उपकारस्तुती करत आपली मागणी देवाला कळवा. काळजी मनात आली याचा दोष तिथे कुणाला दिलेला नाही. आलेल्या काळजीचं काय करायचं ते सांगितलंय. हे वचन दुखावलेल्या माणसाच्या डोक्यावर मारायची वस्तू नव्हे, आणि मला मनापासून वाईट वाटतं की आपल्या मंडळ्यांमध्ये ते तसं वापरलं जातं.

आता दुसरा प्रश्न. तो जास्त मोठा आहे आणि त्यावरच मला जास्त लिहायचंय.

बरीच वर्षं पाळकाचं काम करताना माझी एक खात्री झाली आहे. मेंढपाळावरचा भरवसा ही मनातली अवस्था म्हणून धरायला गेलं की हातातून निसटते. तो चालण्यात दिसतो. मेंढराच्या वाट्याला येणारं काम अगदी थोडं असतं : आवाज ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं आणि पुढचं पाऊल त्याच्या मागून टाकायचं. त्या पावलाच्या वेळी छाती धडधडत असली तरी पाऊल पडलं ते पडलं.

हे समजायला, स्तोत्र २३ ज्याच्या नावावर आहे तो दावीद कुठल्या प्रदेशात मेंढरं चारत होता ते पाहावं लागतं. 'हिरवीगार कुरणं' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याकाठचं दाट गवताचं मैदान येतं, आणि मग आपल्या आयुष्यात तसं काही दिसलं नाही की वाटतं मेंढपाळ आपल्याला विसरला. बेथलेहेम डोंगराच्या कण्यावर आहे. त्याच्या पूर्वेला जमीन झपाट्याने उतरत मृत समुद्राकडे जाते आणि पाऊसही तितक्याच झपाट्याने कमी होतो. जवळच्या यरुशलेमेत वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर मृत समुद्राकाठी १०० मिलिमीटरही पडत नाही. जो काही पडतो तो हिवाळ्यात. त्या पावसानंतर उतारांवर दगडांच्या मधून गवताचे पातळ पुंजके येतात आणि उन्हाळा लागला की करपून जातात. ओढ्यांचं म्हणाल तर ते एरवी कोरडे, आणि वर डोंगरात पाऊस झाला की त्यांतून अचानक लोंढा येतो. तिथे संथ पाणी कुठे मिळेल हे माहीत असणारा माणूस सोबत असणं हा जीवन-मरणाचा प्रश्न होता.

त्या मुलखात कोणतंही मेंढरू महिनाभराचा चारा समोर पसरलेला पाहू शकत नाही. त्याला दिसतात ते दोनचार पुंजके, आणि पुढे चालणारा मेंढपाळ. ते संपले की तो पुढच्या उतारावर नेतो. 'मला काही उणे पडणार नाही' हे वाक्य या अशा रानात म्हटलेलं आहे. साठा दिसत नसताना, फक्त नेणारा दिसत असताना.

रानातल्या मान्न्याचीही, म्हणजे इस्राएल लोकांना देवाने रानात रोज दिलेल्या अन्नाचीही, हीच गोष्ट. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकाने माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप), त्या दिवसापुरतं गोळा करायचं होतं. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं त्यांच्या मान्न्यात किडे पडले, त्याला घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर आज मागतो. तुमच्या पहाटे तीनच्या जागेपणात तुम्ही बहुधा पुढच्या सहा महिन्यांची भाकर एकदम मागत असता. मुलाचं हे वर्ष, पुढचं वर्ष, सासूबाईंचं दुखणं वाढलं तर, यजमानांना काम मिळालंच नाही तर. त्या सगळ्याला पुरेल इतकी कृपा त्या रात्री हाताशी दिसत नाही, कारण ती त्या रात्रीसाठी दिलेलीच नाही. त्या रात्रीसाठी त्या रात्रीपुरती आहे.

इथे लगेच कुणी म्हणेल, मग उद्याचा हिशेबच करायचा नाही का? करायचा. आणि यासाठी मला यहूदाच्या हिज्कीया राजाची आठवण द्यायची आहे, कारण आपल्या उपदेशांत त्याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. यहूदाची तटबंदीची नगरं एकेक करून पडली. सन्हेरीबाने स्वतःच्या कोरीव लेखात बढाई मारली आहे की हिज्कीयाला मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमेत कोंडला. त्याचं धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात गेला आणि ते पत्र परमेश्वरासमोर उलगडून ठेवलं. ही झाली आपल्याला ठाऊक असलेली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी अशी की याच राजाने गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणण्यासाठी खडकातून भुयार खोदवलं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. ते सुमारे ५३३ मीटर लांबीचं भुयार आजही यरुशलेमेत आहे, आणि दोन्ही टोकांकडून खोदत येणारे कामगार मध्ये कसे भेटले हे सांगणारा कोरीव लेख १८८० मध्ये त्यात सापडला. हिज्कीयाने पत्र देवापुढे पसरलं आणि पाण्याची सोयही केली. ज्या हातांनी प्रार्थना केली त्याच हातांनी कामाचा हुकूम दिला. वेढ्याच्या शेवटी मात्र शहर वाचलं ते भुयारामुळे नव्हे, परमेश्वराने वाचवलं, असं शास्त्र सांगतं.

हे मी एका घरात प्रत्यक्ष घडताना पाहिलंय. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. घरातले सगळे व्यवहार तेच बघायचे. त्यानंतर आलेलं प्रत्येक पाकीट या बाई न फोडता बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकत गेल्या. डबा कपाटावर, आणि त्या कपाटाकडे बघायचंही टाळायच्या. एका संध्याकाळी त्या, त्यांचे दीर आणि मी टेबलाशी बसलो. आधी हिज्कीयाचा तो भाग वाचला. मग डबा उपडा केला. एकेक पाकीट फोडायचं, आत काय आहे ते मोठ्याने वाचायचं, एक वाक्य प्रार्थनेचं म्हणायचं, 'प्रभू, हे विजेचं बिल तुझ्यापुढे आहे', 'प्रभू, हे बँकेचं पत्र तुझ्यापुढे आहे', आणि मग दीर ते तीनपैकी एका ढिगात ठेवायचे : या आठवड्यात करायचं, या महिन्यात करायचं, थांबू शकतं. सुरुवातीला बाईंचा हात इतका थरथरत होता की पाकिटाची कड नीट फाटत नव्हती. शेवटी या आठवड्याचा ढीग सर्वांत लहान निघाला. रक्कम एका पैशानेही कमी झाली नव्हती. पण त्या रात्री त्यांनी उद्या करायच्या दोन फोनांचे नंबर एका कागदावर लिहून घेतले आणि डबा धुऊन पालथा घातला.

तुम्हीही हे यजमानांसोबत करा असं माझं सांगणं आहे. 'यजमानांसोबत' यावर भर देतो. नोकरी गेलेल्या पुरुषाला घरात बसून राहण्याची जी लाज खाते ती फार जीवघेणी असते, आणि नवराबायको एकमेकांना त्रास नको म्हणून वेगवेगळे जागे राहतात. एकाच टेबलाशी बसून कागद देवापुढे पसरणं ही तुमची दोघांची प्रार्थना होऊ द्या.

आता आवाजाबद्दल. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो, ती त्याचा आवाज ओळखतात, आणि परक्याच्या मागे जात नाहीत, पळून जातात. व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकू येतं की मेंढरू हा मूर्ख प्राणी आहे म्हणून देवाने आपल्याला मेंढरं म्हटलं. मला हे पटत नाही. २००१ मध्ये केंब्रिजजवळच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की एक मेंढी दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते आणि ते दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवते. प्रभूनेही मेंढरांचा जो गुण सांगितला तो ओळखण्याचाच. मेंढराकडे वेग नाही, नखं नाहीत, दात दाखवून कुणाला पळवून लावता येत नाही. त्याची सगळी सुरक्षितता कुणाचा आवाज आपला आणि कुणाचा परका हे कळण्यात आहे.

आणि ओळख सवयीने होते. म्हणून तुम्ही विचारलेल्या 'रोज काय करायचं' या प्रश्नात मी वचनाला पहिली जागा देतो. संकटात पवित्र शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवेन तो माझ्यासाठी संदेश, ही पद्धत सोडून द्या. त्याने माणूस आवाज ओळखायला शिकत नाही, चिठ्ठ्या काढायला शिकतो. एक शुभवर्तमान घ्या, मी मार्क सुचवतो, कारण ते सर्वांत लहान आहे. रोज सकाळी एखादा प्रसंग वाचा. फार नाही. वाचताना एकच गोष्ट बघा : इथे येशू माणसांशी कसा बोलतो, कसा वागतो. काही महिन्यांत तुमच्या कानाला त्याची तऱ्हा कळू लागेल. मग मनात एखादा आवाज उठून म्हणाला की तू कुचकामी आहेस, देव तुला कंटाळला आहे, तर तुम्हाला लगेच कळेल की हा त्याचा आवाज नाही. जक्कय, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, तीनदा नाकारणारा पेत्र, यांच्याशी तो असा बोलला नाही.

पहाटे तीनसाठी वेगळं सांगतो, कारण त्या वेळी पुस्तक उघडायचं बळ नसतं. स्तोत्र २३ तुम्हाला पाठ आहे. जाग आली की ते अगदी हळू म्हणा, ओठ हलतील असं, एकेका ओळीवर एक श्वास. जिथे अडखळाल तिथे त्या रात्रीची गोष्ट नावाने सांगा. 'तू माझ्याबरोबर आहेस' यापाशी आलात आणि मनात फी आली, तर म्हणा, 'प्रभू, शाळेची फी.' एवढंच. लांब वाक्यं नकोत, उपाय सुचवायचे नकोत. पुन्हा ओळ पुढे न्या. झोप लागली नाही तरी हरकत नाही. आणि फोन दूर ठेवा, रात्री नोकरीच्या जाहिराती बघून कुणाला नोकरी लागत नाही.

मार्गदर्शनाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणार. यजमानांनी दुसऱ्या गावची कमी पगाराची नोकरी घ्यावी की थांबावं? लोकांना वाटतं मेंढपाळ चालवतो म्हणजे कानात स्पष्ट वाक्य ऐकू येईल. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय उघडा. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मनाई केली. ते बिथुनियाकडे वळले, तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. कुठे जायचं हे कळण्याआधी कुठे जायचं नाही एवढंच त्यांना कळत गेलं, आणि ते चालतच राहिले. त्रोवसात पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. त्यानंतर लूक लिहितो की आम्ही अनुमान केलं, की देव आम्हाला तिकडे बोलावत आहे. म्हणजे दृष्टान्त झाल्यावरही त्यांनी मिळून विचार केला. आणि नीट ऐकून, नीट वागून ते पोचले कुठे? फिलिप्पैत. तिथे वचन मनापासून ऐकणारी लुदिया नावाची स्त्री नदीकाठी भेटली खरी, पण काही दिवसांतच फटके, तुरुंग आणि पाय खोड्यात. म्हणून त्रास आला म्हणजे निर्णय चुकला असं धरून चालू नका. नोकरीच्या बाबतीत मी इतकंच म्हणेन : त्या कामात काही अनीतीचं नाही ना हे पाहा, तुमचं हित बघणाऱ्या दोन शहाण्या माणसांना विचारा, प्रार्थना करा, घराचा हिशेब मांडा, आणि मग निर्णय घेऊन पुढे चला. मेंढपाळ चालणाऱ्या मेंढरालाही वळवू शकतो.

आणि दरी. स्तोत्राचा क्रम बघा. 'तो मला नीतिमार्गांनी चालवतो' या ओळीच्या अगदी पाठोपाठ मृत्युच्छायेची दरी येते. मेंढरू भटकलं म्हणून दरीत आलं असं स्तोत्र म्हणत नाही. त्याच वाटेवर दरी आहे. सासूबाईंच्या आजारपणाबद्दल तुम्ही लिहिलंत की घरात कुणी तरी म्हणालं, प्रार्थनेत विश्वास असता तर त्या उठून बसल्या असत्या. हे ऐकून मला राग आला, आणि तो लपवायची गरज मला वाटत नाही. देव आजही बरं करतो, मी दर आठवड्याला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि अपेक्षेने करतो. पण ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तर लोक बरे होत, तोच पौल शेवटच्या पत्रात लिहितो की त्रफिम या सोबत्याला मी मिलेतात आजारी असतानाच सोडलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. हा त्या काळचा औषधोपचारच. त्याने तीमथ्याला 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं लिहिलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली औषधं वेळेवर द्या आणि प्रार्थनाही करा, या दोन्हींत भांडण लावू नका. आपल्या एखाद्या पापामुळे हे घडलं का, या विचारानेही स्वतःला कुरतडू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि प्रभूने तो हिशेब नाकारला. पाप खरंच मनाला लागलं असेल तर ते कबूल करा, क्षमा घ्या, आणि सासूबाईंच्या दुखण्याशी त्याची गाठ मारू नका.

दरीत रडायची मुभा आहे. स्तोत्रसंहितेतली साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी देवाने ते आपल्या पुस्तकात राहू दिलं. आणि स्तोत्र २३ च्या आधी २२ येतं, ज्याची पहिली ओळ प्रभूने वधस्तंभावर उच्चारली : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आपला मेंढपाळ त्या दरीतून स्वतः गेलेला आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. रोममध्ये प्रिस्किल्लाच्या भूमिगत दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं एक चित्र आहे, तरुण मेंढपाळ खांद्यावर मेंढरू घेऊन उभा. ज्यांच्या धर्माला अजून कायद्याने मान्यता नव्हती, ज्यांच्यावर अधूनमधून छळाच्या लाटा येत होत्या, त्या लोकांनी आपल्या मृतांच्या शेजारी भिंतीवर हे चित्र काढून घेतलं.

तुम्हाला एका माणसाचं उदाहरण देतो, कारण तुमच्या पत्रात 'आतापर्यंत देवाने काय केलं तेच आठवत नाही' असं वाक्य आहे. आपल्या आयुष्याकडे बघून देवाला मेंढपाळ म्हणणारा पहिला माणूस दावीद नाही, याकोब आहे. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात, मरणाच्या उंबरठ्यावर, नातवांना आशीर्वाद देताना तो म्हणतो की या देवाने मला जन्मभर आजपर्यंत पाळलं. हा माणूस स्वतः सासरा लाबान याच्याकडे वीस वर्षं मेंढरं राखून होता, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने हैराण झालेला, त्यामुळे मेंढपाळाच्या कामात काय काय येतं हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्याच्या आयुष्यात काय काय झालं होतं? घर सोडून पळावं लागलं. सासऱ्याने फसवलं. बायको राहेल वाटेवर बाळंतपणात गेली. मुलगा योसेफ मेला असं समजून तो बावीसेक वर्षं शोक करत राहिला. सतराएक वर्षांपूर्वी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, त्याने आपले दिवस थोडे आणि दुःखाचे होते असं सांगितलं होतं. दोन्ही वाक्यं त्याचीच, आणि दोन्ही खरी. मेंढपाळाचा हात त्याला मागे वळून बघताना दिसला. तुम्ही आत्ता दरीच्या मध्यावर आहात, तिथून तो दिसत नसेल तर त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. पण एक वही करा. रोज रात्री एक ओळ, आज कशाने निभावलं. शेजारणीने डबा दिला, सासूबाई दुपारी शांत झोपल्या, मुलगा हसला. मोठा चमत्कार शोधू नका, त्या दिवसाचा पुंजका लिहा.

कळपाबद्दल थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही. मेंढपाळ एकेका मेंढराला नावाने ओळखतो, लेवीयच्या शेवटच्या अध्यायात कळपातला प्रत्येक पशू काठीखालून एकेक करून जाण्याचा उल्लेख आहे, तशी त्याची मोजणी असते. तरी तो कळपच चालवतो. तुम्ही लिहिलंत की मंडळीत कुणाला काही सांगितलेलं नाही, लोक काय म्हणतील. सांगा. सगळ्यांना नको, दोघीतिघींना. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. तुमच्या घरात ती भाकर बहुधा मंडळीतल्या कुणाच्या तरी हातून येणार आहे, आणि सासूबाईंजवळ दोन तास बसणारी व्यक्तीही. मागितलंच नाही तर कळणार कसं?

फक्त कुणाला सांगायचं ते पारखून घ्या. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव त्या मेंढपाळांवर संतापला आहे जे मेंढरांची चरबी खातात, लोकर पांघरतात आणि दुबळ्यांना सांभाळत नाहीत. संकटातल्या घराकडे असे लोक लवकर पोचतात. खास प्रार्थनेसाठी पैसे मागणारा, आधी देणगी मग आशीर्वाद असं म्हणणारा, औषधं बंद करा सांगणारा, 'हे कुणाला कळू देऊ नका' असं बजावणारा, यांच्यापासून दूर राहा, त्याच्या नावामागे कितीही मोठी पदवी असो. उत्तम मेंढपाळाने मेंढरांसाठी आपला प्राण दिला. त्याच्या नावाने काम करणाऱ्याने मेंढरांकडून काय घेतलं यावरून त्याची पारख होते.

या आठवड्यात इतकं करा. शनिवारी संध्याकाळी यजमानांसोबत कागद टेबलावर मांडा. रविवारी उपासना झाल्यावर तुमच्या पाळकांना पाच मिनिटं थांबवा आणि घरची परिस्थिती सांगा. आपल्या बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी निधी असतो आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच असतो, त्यात कमीपणा नाही. सोमवारी मार्कचा पहिला अध्याय सुरू करा. आणि छातीतली धडधड, झोप न लागणं हे आणखी दोनतीन आठवडे असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, सासूबाईंना दाखवता तसंच. यजमानांचं नाव आणि तुमचं नाव मी माझ्या रोजच्या प्रार्थनेच्या यादीत लिहून घेतलंय. सासूबाईंचं नाव कळवा, तेही लिहितो.